संडासात निळी ट्यूब लावून नशा थांबते का?

बर्नबीची माई

नमस्कार मंडळी. मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. आमच्याकडे सध्या तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहांत निळ्या ट्यूबा लावाव्यात का, यावर खल चालू आहे. माझं मत 'मुळीच लावू नयेत' असं आहे. इथे निरनिराळ्या देशांतली आणि धंद्यांतली माणसं आहेत म्हणून धागा काढला. भांडा, पण मुद्द्याला धरून भांडा.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निळ्या उजेडात हाताची शीर दिसत नाही. शीर दिसली नाही की सुई टोचता येत नाही, आणि टोचता येत नाही म्हटल्यावर नशा करणारा तिथे फिरकणार नाही, असा हिशोब. ब्रिटनमध्ये बऱ्याच सार्वजनिक स्वच्छतागृहांत हे गेली कित्येक वर्षं आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत शीट्झ या पेट्रोलपंप-दुकानांच्या साखळीने पेनसिल्व्हेनियातल्या न्यू केन्सिंग्टनच्या दुकानात असे दिवे लावले, तेव्हा बातमी सगळीकडे झळकली. त्याच सुमारास फिलाडेल्फियात रहिवाशांना घराच्या पायऱ्यांवर लावायला निळे बल्ब वाटले गेले.

आता हिशोब चुकतो कुठे ते सांगते. २०१३ मध्ये आमच्याच प्रांतातल्या संशोधकांनी टोचून नशा करणाऱ्या १८ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. माणसं अठराच, पण त्यांनी जे सांगितलं त्याला आतला तर्क आहे. माणूस सार्वजनिक संडासात का टोचतो? राहायला घर नाही, बाहेर पाऊस किंवा थंडी आहे, अंग मोडून आलंय, आणि इथे दाराला कडी आहे. यातलं कुठलंच कारण ट्यूब बदलल्याने बदलत नाही. ज्याला दुसरीकडे जाणं शक्य आहे तो जातो. ज्याला शक्य नाही तो निळ्या उजेडातच चाचपडत टोचतो, आणि जास्त वेळ आत बसतो.

त्रास मात्र सगळ्यांना. आमच्याकडे दुपारी पेपर वाचायला येणारे आजोबा आहेत, लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आया आहेत, पोटाला पिशवी लावलेले एक गृहस्थ आहेत; ती पिशवी त्यांना तिथेच बदलावी लागते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असला हा प्रकार.

माझं म्हणणं: लख्ख पांढरा उजेड ठेवा, सुया टाकायला भिंतीत बसवलेली पेटी ठेवा, बाहेरून उघडता येईल असं दार करा, आणि दर थोड्या वेळाने दार ठोठावणारं माणूस ठेवा.

---

पंपवाला

माई, तुमच्या धाग्याचा मान ठेवून पूर्ण विरोध.

मी पेनसिल्व्हेनियात पंप आणि त्याला जोडलेलं दुकान चालवतो. संडासात निळे दिवे आहेत, ते मीच लावलेत, आणि काढणार नाही.

तुम्ही वाचनालयाच्या बाजूने बोलताय. तुमच्याकडे दिवसा चार माणसं कामावर, रक्षक, संध्याकाळी कुलूप. माझ्याकडे रात्री अकरानंतर काउंटरवर एक पोरगा असतो. तो गल्ला सोडून संडासाचं दार ठोठावत बसू शकत नाही. कचऱ्याची पिशवी उचलताना एका मुलीच्या हाताला सुई लागली. पुढचे काही महिने रक्ताच्या तपासण्या, औषधं आणि घरच्यांच्या शिव्या. तिने काम सोडलं. तिच्यासमोर 'आतला तर्क' मांडून बघा.

दुसरं असं की नशा थांबवायला मी दिवे लावलेच नाहीत. ते माझं कामही नाही आणि ऐपतही नाही. माझ्या दुकानात, कडी लावलेल्या खोलीत, ते होऊ नये एवढ्यासाठी लावले. दुकानांतल्या चोऱ्या आणि सुरक्षेवर काम करणारे फ्लोरिडा विद्यापीठाचे रीड हेज यांचीही दिशा तीच: पक्का व्यसनीसुद्धा सुई नेमकी जागी बसावी म्हणून धडपडतो, ते अवघड केलं की तो ती जागा टाळतो. टर्की हिल नावाच्या साखळीने आमच्याच राज्यात वीसेक दुकानांत हे केलं.

आणि 'माणूस दुसरीकडे जातो' हे तुम्ही दोष म्हणून सांगताय. मला तो फायदा वाटतो. फेंटानिल या अतितीव्र अफूसारख्या नशेत श्वास काही मिनिटांत थांबतो. बंद दाराआड एकटं असण्याइतकी वाईट जागा नाही. तो पार्किंगमध्ये टोचून पडला तर निदान कोणाच्या तरी नजरेस पडेल.

---

खडूस काका (पुणे)

पंपवाल्यांना +१. सुया टाकायला पेटी, दार ठोठावायला माणूस, आता चहा-बिस्किटंही ठेवा. आमच्याकडे गर्दुल्ल्याला वॉचमन काठी दाखवायचा आणि प्रश्न मिटायचा.

---

ग्रँटरोडकर

काका, मिटायचा नाही, पुढच्या फलाटावर जायचा. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द आली तेव्हापासून काठी दाखवणं चालू आहे. पुलाखाली दाखवली की ते रुळांच्या कडेला जातात, तिथे दाखवली की बंद गोदामात.

मी या माणसांत काम करतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. ज्याला टर्की लागलीय, म्हणजे नशा उतरून अंगाची लाही होतेय, उलट्या-जुलाब चालू आहेत, तो जागा निवडत बसत नाही. पहिला आडोसा दिसला की बसतो. त्यामुळे रीड हेजसाहेबांचं म्हणणं ज्याला थोडी सवड आहे त्याच्यापुरतं खरं असेल. ज्याला सवड नाही त्याला ट्यूब निळी काय आणि गुलाबी काय.

दुसरं, पेटी ठेवणं हे लाड नाहीत. आपल्याच देशात नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यक्रमात टोचणाऱ्यांना नव्या सुया दिल्या जातात, जुन्या गोळा केल्या जातात, आणि तलफ शमवणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यासमोर दिली जाते. मणिपूर, मिझोराम, पंजाब, मुंबई, सगळीकडे. सरकार हे प्रेमापोटी करत नाही. एकाच सुईने चौघांनी टोचलं तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी त्यांच्या घरापर्यंत जातो, म्हणून करतं. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यात सेवनाला कलम २७ खाली शिक्षा आहे आणि त्याच कायद्यात उपचार घेणाऱ्याला सूट देणारं ६४अ सुद्धा आहे. काठीवाल्यांना पहिलं पाठ असतं, दुसरं नसतं.

---

दिवा लाव

प्रकाशयोजना हा माझा धंदा, म्हणून तांत्रिक भर घालतो.

आधी एक गैरसमज. ही ट्यूब अतिनील नसते. साधी निळी फ्लुरोसंट ट्यूब, निळा एलईडी, नाहीतर पांढऱ्या ट्यूबवर चढवलेलं निळं आवरण. त्वचेला अपाय वगैरे काही नाही.

शीर का दिसत नाही? आपल्याला शीर निळसर दिसते, पण आतलं रक्त गडद लालच असतं. पांढऱ्या उजेडातला तांबडा भाग त्वचेत खोल शिरतो. आजूबाजूच्या मांसातून तो परत येतो, शिरेवरून कमी परत येतो, कारण रक्त त्यातला काही शोषून घेतं. या फरकामुळे शीर उठून दिसते. निळा प्रकाश मात्र त्वचेच्या वरच्या थरातच अडकतो, शिरेपर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. खोलीत फक्त निळा ठेवला की फरक सांगणारा प्रकाशच उरत नाही. दवाखान्यात लहान मुलांची शीर शोधायला जे यंत्र वापरतात ते बरोबर याच्या उलट करतं. अवरक्त प्रकाश टाकतं, तो खोल जातो आणि शीर काळी रेघ होऊन दिसते. तेव्हा शास्त्र पक्कं आहे.

पण याच निळ्याने आणखी काय होतं ते ऐका. डोळ्याच्या पडद्यावर बारीक तपशील टिपणारा जो मधला ठिपका असतो, त्याच्या अगदी मध्यावर निळ्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून निळ्या उजेडात सगळं पुसट आणि तरंगतं वाटतं. वय झालं की डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि पिवळं भिंग निळा प्रकाश गाळून टाकतं. त्यामुळे तुमच्या पंचविशीतल्या नशेबाजाला जेवढं दिसतं त्यापेक्षा माईंच्या आजोबांना कितीतरी कमी दिसतं. ओली फरशी, पायरीची कड, सगळं एका रंगाचं.

आणि पंपवाले, हे तुमच्यासाठी: हिमोग्लोबिन निळा प्रकाश जबरदस्त शोषतं. म्हणजे निळ्या उजेडात रक्त काळं दिसतं. करड्या फरशीवर रक्ताचे थेंब आणि पाण्याचे थेंब तुमच्या सफाईवाल्याला वेगळे ओळखता येणार नाहीत. सुई खाली पडली असेल तर तीही.

---

पंपवाला

दिवा लाव, माहिती चोख. पण आम्ही काही आंधळे नाही. साफ करायच्या वेळी पांढरा दिवा लावायचा वेगळा खटका आहे, किल्लीवर चालणारा. ज्याने अक्कल लावून बसवलेत त्याच्याकडे असतो.

---

लंडनची सिस्टर

मी नर्स आहे, बरीच वर्षं. शिरांवरून चर्चा चाललीय म्हणून बोलते.

हाताची शीर दिसली नाही तर माणूस काय करतो? एक, घरून किंवा बाहेर उजेडात पेनाने खूण करून येतो. दोन, हल्ली मोबाईलचा टॉर्च. तो पांढरा असतो, आणि तिथे दिवा लाव यांचं सगळं शास्त्र बाद. तीन, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं, तो अशा शिरेकडे जातो जी बघावीच लागत नाही. जांघेतली. तिथे बोटाने नाडी चाचपायची आणि तिच्या बाजूला सुई घालायची. त्या जागी शीर, धमनी आणि मज्जातंतू एकमेकांना चिकटून असतात. जरा इकडेतिकडे झालं तर धमनी फुटते, पाय जाऊ शकतो. मानेतली शीर, तीही तशीच. ज्यांना हातावर टोचायची सवय आहे त्यांना आपण दिव्याने ढकलून जांघेकडे पाठवतोय.

शिवाय शीर चुकली की औषध मांसात जातं आणि गळू होतं. ही गळवं मी धुतली आहेत. घरी जाऊन जेवण जात नाही.

पंपवाले, तुमच्या त्या मुलीबद्दल खरंच वाईट वाटलं. पण सुई कचऱ्याच्या पिशवीत आली कारण टाकायला दुसरी जागा नव्हती. पेटी असती तर सगळ्याच सुया तिच्यात गेल्या असत्या असं नाही, पण बऱ्याच गेल्या असत्या.

---

खडूस काका (पुणे)

म्हणजे नशा त्यांनी करायची आणि पाय जाऊ नये याची काळजी दुकानदाराने घ्यायची. वा रे न्याय.

---

लंडनची सिस्टर

काका, दारू पिऊन गाडी ठोकलेल्यालाही मी टाके घालते. न्याय कोर्टात बघतात.

---

टोकियोतून तात्या

थोडं अवांतर. निळ्या दिव्यांचं खूळ आमच्याकडेही आलं होतं, नशेसाठी नव्हे. २००० साली ग्लासगोत एका रस्त्यावर शोभेसाठी निळे दिवे लावले आणि तिथे गुन्हे कमी झाल्याची चर्चा पसरली. ती ऐकून जपानात नारा प्रांतात रस्त्यांवर लागले. मग २००९ मध्ये टोकियोच्या यामानोते मार्गावरच्या सगळ्या २९ स्थानकांवर, आत्महत्या रोखायला, फलाटांच्या टोकांना. २०१३ च्या एका अभ्यासात ८४ टक्के घट दिसली आणि जगभर मथळे झाले. नंतर दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की यातल्या बऱ्याच घटना दिवसा घडतात किंवा फलाटापासून लांब रुळांवर घडतात. तिथे दिव्याचा संबंधच येत नाही. तेव्हा आकडा तेवढा धरू नका, असं ते म्हणाले.

इंग्लंडात तर २००९ मध्ये मॅन्सफिल्डच्या एका वसाहतीत टवाळ पोरांना पळवायला गुलाबी दिवे लावले होते, का तर त्यात चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या उठून दिसतात! दिवा बदलणं स्वस्त असतं आणि 'काहीतरी केलं' असं दिसतं, म्हणून नगरपालिकांना आवडतं. माझं मत एवढंच.

---

बर्नबीची माई

तात्या, अवांतर नाही, मुद्द्याचंच आहे.

पंपवाले, तुमच्या पार्किंगच्या मुद्द्यावर मी विचार केला, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण तो पार्किंगच्या मधोमध बसत नाही ना. तो कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागे बसतो, कारण लपायचंच असतं. आमच्याकडे व्हँकुव्हरला दोन दशकांपूर्वी हाच प्रश्न वेगळ्या टोकाने सोडवला. २००३ मध्ये इनसाइट नावाचं केंद्र उघडलं. आपली पुडी घेऊन या, आम्ही स्वच्छ सुई आणि आरसा देतो, नर्स बाजूला उभी राहील. केंद्र सरकार बंद करायला निघालं तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चालू ठेवायला लावलं. त्याआधी १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला असं पहिलं केंद्र निघालं होतं. अशा केंद्रांत उजेड भरपूर असतो, मुद्दाम. शीर नीट दिसावी म्हणून.

याने आमचा प्रांत सुधारला असं मी म्हणत नाही. २०१६ पासून इथे ओव्हरडोसची आणीबाणी जाहीर आहे. २०२३ मध्ये थोडी पुडी बाळगणं गुन्हा नाही असं केलं, आणि लोक चिडले म्हणून मे २०२४ मध्ये सार्वजनिक जागी वापरणं परत गुन्हा केलं. वाद आमच्याकडेही रंगलेलेच आहेत.

पण एक गोष्ट कोणीच काढली नाही. आता टोचतं कोण? आमच्या प्रांतात २०१७ पासून ओव्हरडोसने जाणाऱ्यांत टोचणाऱ्यांपेक्षा ओढणारे जास्त. तुमच्या अमेरिकेत सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) मोजलं: २०२० ते २०२२ या काळात मरणाऱ्यांपैकी ज्यांच्याजवळ टोचल्याचा पुरावा सापडला त्यांचं प्रमाण २२.७ वरून १६.१ टक्क्यांवर आलं, ओढल्याचा पुरावा असलेल्यांचं १३.३ वरून २३.१ वर गेलं. पन्नी आणि लायटरला शीर लागत नाही. निळी ट्यूब ज्या सवयीवर बेतली आहे ती सवयच मागे पडत चाललीय.

---

ग्रँटरोडकर

माई, मुंबईत तर पन्नीच जास्त. इथे कोणी निळी ट्यूब लावली तर पोरं सेल्फी काढतील.

इथलं एक निरीक्षण मात्र देतो. आमच्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयांत दाराशी माणूस बसलेला असतो. गलिच्छपणा असतो, बायकांकडून लघवीचेही पैसे घेतात (त्यावर 'राइट टू पी'च्या बायका २०११ पासून भांडताहेत), सगळं खरं. पण तो माणूस कोण आत गेलं आणि किती वेळ झाला हे बघत असतो. वीस मिनिटं झाली की 'ए भाई, निकल' म्हणून दार वाजवतो. त्याला कोणी हार्म रिडक्शन (नशेतलं नुकसान कमी करणं) शिकवलेलं नाही, त्याला पुढचं गिऱ्हाईक आत सोडायचं असतं. पण त्यामुळे आत पडून राहिलेला माणूस सापडतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०१४ पासून 'पिट स्टॉप' नावाने हेच केलं: शौचालय तेच, फक्त दाराशी पगारी माणूस.

---

पंपवाला

पगारी माणूस. सगळे धागे शेवटी तिथेच येतात आणि पगार कोण देणार ते कोणी लिहीत नाही. शहर देत असेल तर आजच पाठवा, मी खुर्चीही देतो आणि कॉफीही.

ओढण्याचे आकडे मान्य. पण माझ्याकडे सुया सापडत होत्या आणि दिवे लावल्यावर सापडणं कमी झालं. लांबच्या आलेखापेक्षा मी माझ्या कचऱ्याच्या पिशवीवर विश्वास ठेवणार.

---

दिवा लाव

माणूस परवडत नाही त्यांच्यासाठी एक उपाय आहे. बॉस्टनमध्ये बेघरांच्या एका दवाखान्याने संडासाच्या छतात उलटा सेन्सर बसवला. नेहमीचा हालचाल झाली की जागा होतो, हा हालचाल थांबली की वाजतो. कोणी तीनेक मिनिटं निपचित राहिलं तर बाहेर दिवा लागतो, गजर होतो. निळ्या ट्यूबपेक्षा महाग, पण एका माणसाच्या पगारापेक्षा पुष्कळ स्वस्त. ओढणारा असो वा टोचणारा, दोघांनाही लागू.

---

पंपवाला

हे पहिलं कामाचं बोललात. पण गजर झाला, पुढे? काउंटरवरच्या एकोणीस वर्षांच्या पोराने दार उघडायचं? आत कोण असेल, कुठल्या अवस्थेत?

---

लंडनची सिस्टर

दार उघडायच्या आधी जोरात हाक मारायची, उत्तर नाही आलं की रुग्णवाहिकेला फोन, मग दार. नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, नाकात मारायचा फवारा आहे, सुई नाही. अमेरिकेत तर २०२३ पासून चिठ्ठीशिवाय दुकानात ठेवायला परवानगी आहे. तुमच्या दुकानात डोकेदुखीच्या गोळ्यांच्या शेजारी राहील.

---

बर्नबीची माई

आणि तुमच्याच फिलाडेल्फियात २०१७ मध्ये मॅकफर्सन चौकातल्या वाचनालयातल्या ग्रंथपालांनी हे शिकून घेतलं आणि बाहेरच्या हिरवळीवर पडलेल्यांना वाचवलं. माझ्याच व्यवसायातली माणसं, डॉक्टर नव्हेत.

---

पंपवाला

माई, पेनसिल्व्हेनियात २०१४ चा अॅक्ट १३९ आहे, मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, मला माहीत आहे. फवारा गल्ल्याखाली आहे, पोरांना शिकवलंय. निळा दिवा लावणारा म्हणजे माणसं मरू दे म्हणणारा, असं समजू नका. सेन्सरची चौकशी करतो. दिवे तोवर राहतील.

---

दिवा लाव

मग निदान एवढं करा: संडासाच्या आत निळा, बाहेर बेसिन आणि आरशाशी पांढरा. म्हाताऱ्यांना हात धुताना तरी दिसेल.

---

लंडनची सिस्टर

मग तो बेसिनपाशी उभा राहून टोचेल.

---

पंपवाला

टोचू दे की! तिथे कडी नाही. बाहेरून येणाऱ्याला दिसेल, पोराला कळेल. दाराआड नको एवढंच माझं म्हणणं आहे.

---

बर्नबीची माई

म्हणजे भांडण दिव्याशी नाहीच, कडीशी आहे. मग कडीच काढा आणि दिवा पांढरा करा.

---

पंपवाला

कडी काढतो. रात्री बारा वाजता हायवेवरून एकटी गाडी चालवत येणारी बाई मग माझ्या पंपावर थांबेल का, ते सांगा.